व्याख्यान फुकट, खर्च कुणाचा?

(गावाच्या सार्वजनिक सवयी : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण गावच्या वाचनालयाचा जमाखर्च पाहिला. व्याख्यानमाला पुष्कळ ठिकाणी त्याच वाचनालयाच्या आश्रयाने वाढली, तेव्हा आज तिच्याकडे वळू. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला’ असे छापलेले असते. ते इतक्यांदा वाचले आहे की ते कुणाच्या जिवावर छापले जाते, हे विचारायचे आपल्याला सुचतच नाही.

ऐकायला बसण्याची सवय आपल्याकडे जुनीच. कीर्तनाला कधी तिकीट नव्हते. मात्र कीर्तनकाराला मध्येच थांबवून कुणी उलटा प्रश्न करीत नसे. वक्त्याचे म्हणणे खोडता येते, ही रीत एकोणिसाव्या शतकात रुळली. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या मंडळींनी सभा काढली, तिच्या मराठी शाखेचे, म्हणजे ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्ष दादोबा पांडुरंग झाले आणि तिथे मराठीतून निबंध वाचले जाऊ लागले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. वाळूत बसून ऐकायला ना सभासदत्व लागत होते ना पैसा.

पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केली. काळ निवडला उन्हाळ्याचा. कोर्टकचेऱ्यांना आणि कॉलेजांना सुटी, आणि ऊन उतरल्यावर बसायला निवांत संध्याकाळ. त्याच वर्षी स्वामी दयानंद पुण्यात आले. त्यांची पंधरा व्याख्याने नोंदली गेली, ती आजही छापील मिळतात. त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढव सजवून ‘गर्दभानंदाचार्यां’ची मिरवणूक काढली, चिखलफेक झाली आणि तो चिखल रानड्यांच्या अंगावरही उडाला. जोतीराव फुले आपल्या माणसांसह मिरवणुकीच्या पाठीशी उभे राहिले होते. पुढे १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या एका सभेला गेलेल्यांपुढे चहा आला आणि त्या कपावरून रानडे-टिळकांसह कित्येकांवर ग्रामण्याचा, म्हणजे जातिबहिष्काराचा, प्रसंग ओढवला. सभेनंतरचा चहा महाराष्ट्रात इतका महाग कधीच पडला नसेल.

व्यासपीठ खरोखर मोकळे असले की काय होते, हेही पुण्यानेच पाहिले. १८ जानेवारी १९४३ रोजी डेक्कन सभेने रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलावले. जयंतीच्या सभेत माणूस काय बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. आंबेडकरांनी रानड्यांचे मोठेपण मोजून दाखवले, गांधी आणि जीना यांच्याशी त्यांची तुलना केली आणि विभूतिपूजेवरच कोरडे ओढले. ‘रानडे, गांधी आणि जीना’ हे पुस्तक म्हणजे तेच भाषण. आज जयंतीच्या व्याख्यानाला वक्ता ठरवताना ‘ते काही वेगळं बोलणार नाहीत ना?’ अशी आधी चाचपणी होते. त्या चाचपणीतच निम्मे व्याख्यान मरते.

आता पैशाकडे येऊ. पुण्याच्या पाठोपाठ गावोगावी माला सुरू झाल्या. नाशिकची १९२२ पासूनची, मे महिन्यात गोदाघाटावर भरणारी. मध्यम गावांतल्या पुष्कळ माला एका साध्या युक्तीवर चालल्या. कुणाचे वडील गेले की घरची मंडळी वाचनालयाकडे किंवा मंडळाकडे ठरावीक रक्कम ठेव म्हणून देत. ठेव मोडायची नाही, तिच्या व्याजातून दरवर्षी एक पुष्प ‘अमक्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ’ गुंफायचे. सात दिवसांची सात घरे मिळाली की माला उभी राहिली. वक्त्याचे मानधन, एस.टी.चे भाडे, ध्वनिक्षेपक, पत्रिकेची छपाई, सारे त्यातच. वक्ता उतरायचा एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी, आणि घरच्या बाईने केलेल्या स्वयंपाकाची नोंद कुठल्याच हिशेबात नसायची.

युक्ती चांगली होती, पण ती बँकेच्या व्याजदराला बांधलेली होती. पंचवीस हजारांच्या ठेवीवर बारा टक्क्यांनी वर्षाला तीन हजार येतात, साडेसहा टक्क्यांनी सोळाशे पंचवीस. तीस वर्षांत व्याज असे घसरले आणि सभागृहाचे भाडे, गाडीखर्च, मानधन चढत गेले. ‘आमची व्याख्यानमाला बंद पडली, लोकांना ऐकायचंच नाही,’ असे गावोगावी ऐकू येते. लोकांना दोष देणे सोपे. पण हिशेबाची वही उघडली तर कारण व्याजाच्या रकान्यातच सापडण्याचा संभव जास्त.

मग खर्च उचलायला पतसंस्था, बिल्डर, शिकवणी वर्गाचे मालक आणि निवडणुकीला उभे राहणारे पुढे येतात. पैसा घेण्यात पाप नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या कार्यक्रमाची. सातच्या व्याख्यानाला दीपप्रज्वलन, प्रायोजकांचा सत्कार, शाल, श्रीफळ, वक्त्याचा परिचय वाचून दाखवणारा, मग तोच परिचय पुन्हा सांगणारे अध्यक्ष. पाऊण तास यातच जातो. शेवटी वेळेअभावी प्रश्नोत्तरे रद्द, आणि जी एक नवी रीत दीडशे वर्षांपूर्वी कष्टाने आली तीच कापली जाते. हल्ली सगळी भाषणे मोबाइलवर मिळतात, मग सभागृहात कशाला जायचे, असे विचारणाऱ्याला उत्तर एकच आहे : मोबाइलमधल्या वक्त्याला अडवता येत नाही.

लेखक येणार असेल तर आणखी एक पथ्य. ‘तुम्हाला हे सुचतं कसं?’ हा प्रश्न ज्याने पुस्तक वाचलेले नाही तो विचारतो. वाचनालयाने महिनाभर आधी त्या लेखकाच्या पुस्तकाच्या चार प्रती फिरत्या ठेवल्या, तरी संध्याकाळचा दर्जा बदलतो.

सरकारने खर्च उचलल्याचे उदाहरण गोव्यात आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या नावाचा विचार महोत्सव २००८ पासून पणजीत सुरू झाला, प्रवेश मोफत. वक्ते मोठे येतात. पण असा महोत्सव राजधानीत होतो. कुडाळच्या किंवा उदगीरच्या माणसाला चालत जाता येईल अशी माला त्या त्या गावालाच चालवावी लागते.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या गावात माला चालू असेल तर यंदा कार्यवाहांना गाठा, एका पुष्पाचा खर्च किती आणि ठेवीचे व्याज किती, हे विचारा, आणि दोन्हींतली तूट दहा-वीस घरांत वाटून घ्या. बंद पडली असेल तर जुन्या ठेवी अजून बँकेत आहेत का, ते पाहा.

(पुढील आठवड्यात : गणेशोत्सवातली व्याख्याने कुठे गेली?)