तळीतलं पान अन् फिजीचा ‘कावा’

‘कावा पी, लगेच ध्यान लागतं, प्रकाश दिसतो,’ असं एखादा मित्र सांगतोय? ऑर्डर टाकण्याआधी जरा थांबा!

अणदूरच्या खंडोबाची तळी आठवा. तिच्यातलं विड्याचं पान आणि कावा एकाच कुळातले, काळी मिरीसुद्धा! फिजी, व्हानुआतूत या झुडपाचं मूळ कुटून पाण्यात कालवतात आणि गोल बसून करवंटीतून पितात. जीभ बधिर होते, अंग सैल पडतं. पण कावा भास घडवणाऱ्या द्रव्यांत मोडत नाही. मग जे ‘दिसतं’, त्यात रात्र, शांतता, सोबत आणि श्रद्धेचाच वाटा मोठा.

आपल्या जागरणात तरी काय असतं? वाघ्या-मुरळी, दिमडी, तुणतुणं, फार तर चहा. तरी पहाटेपर्यंत कुणाचं तरी भान हरपतंच. माझ्या आजीचंही हरपतं. तिनं आयुष्यात चहापलीकडं काही घेतलेलं नाही!

आणि यकृताचं काय? कावायुक्त गोळ्या-अर्कांमुळं त्याला गंभीर इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००२ मध्येच दिलाय.

अनुभव हवाय ना? मग पुढच्या जागरणाला रात्रभर बसा. मोबाइल तेवढा खिशात ठेवा!