मोजलंच नाही, तर कळणार कसं?

इथे वाशी-नेरुळच्या सोसायट्यांमध्ये गुडघा किंवा खुबा बदलून घेतलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीचं असतंच. ऑपरेशनच्या आधी आपण डॉक्टर कोण, खर्च किती, विमा किती देणार, सगळं विचारतो. शरीरात जी वस्तू बसणार, तिच्या सुरक्षिततेचा पुरावा काय, हे मात्र विचारत नाही. आज आपण हाच प्रश्न एका घडलेल्या प्रकरणातून समजून घेऊ.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा कृत्रिम खुबा होता. त्याचा गोळा आणि वाटी दोन्ही धातूचे. ते एकमेकांवर घासले की कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटतात. ते आजूबाजूचं मांस खराब करतात, रक्तातही उतरतात. अमेरिकेत 2005 साली याच्या एका प्रकाराला परवानगी मिळाली, ती 'आधीच्या मान्य उपकरणासारखाच आहे' एवढ्या आधारावर. माणसांवरची चाचणी मागितलीच नव्हती.

मग दोष कळला कसा? नोंदवहीमुळे! ऑस्ट्रेलियात बदललेल्या प्रत्येक सांध्याची राष्ट्रीय नोंद होते. तिथे फेरशस्त्रक्रियांचं प्रमाण जास्त दिसलं आणि 2009च्या अखेरीस हा खुबा तिथून काढून घेतला गेला. ब्रिटनच्या नोंदीत पाच वर्षांत सुमारे 12 ते 13 टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया झालेली दिसली. ऑगस्ट 2010मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला.

आता आपल्याकडे या. भारतात अंदाजे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली, रुग्ण आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्कसारखे गट पाठपुरावा करत राहिले. तरी केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली 2017 साली. तोवर 3,600हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. पुढे भरपाईचं सूत्र ठरलं, 30 लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपास. पण जो सापडतच नाही, त्याला भरपाई देणार कुणाला? आणि 'तुमच्या शरीरातला भाग सदोष आहे' हे तरी सांगणार कसं?

कुणी म्हणेल, जास्त पुरावा मागितला तर नवी उपकरणं उशिरा येतील, महाग होतील. मुद्दा खरा आहे. म्हणूनच आम्ही दोन टप्पे मागतो: कायम शरीरात राहणाऱ्या वस्तूंसाठी आधी माणसांवरचा पुरावा, आणि विक्रीनंतर प्रत्येक रुग्णाची सक्तीची नोंद. 2015पासून आपल्याकडे उपकरणांच्या दुष्परिणामांवर देखरेखीचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. पण कुणी कळवलं, तरच त्याला कळणार.

तेव्हा घरी गेल्यावर एक काम करा. आई-वडिलांच्या ऑपरेशनची फाईल काढा. त्यात बसवलेल्या भागाचं स्टिकर, म्हणजे कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबर, आहे का बघा. नसेल तर रुग्णालयाकडे मागा. तो आपला हक्क आहे, आणि उद्या काही बिघडलं तर आपल्याला शोधून काढण्याचा तोच धागा आहे.