साप तोंड उघडून श्वास घेतो तेव्हा

अमेरिका-ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत पाळला जाणारा बॉल पायथन मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. (आपल्याकडचे नाग, धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे इथेच सांगायला हवं.) स्वभावाने शांत, पण दुखणं लपवण्यात पटाईत. काही आठवडे त्याने खाल्लं नाही तरी वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नसतं.

श्वासाचं तसं नाही.

निरोगी साप तोंड मिटून, आवाज न करता श्वास घेतो. मान उंच धरून तो आ वासून बसला असेल, नाकपुडीशी बुडबुडे येत असतील, ओठांच्या कडेला चिकट लाळेची तार लोंबत असेल, तर वेळ दवडायची नाही. सापाला श्वासपटल नसतं, त्यामुळे आपल्यासारखं जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही. कफ लांबट फुफ्फुसात साचत जातो. या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा सापाच्या पेटीतल्या गारठ्यात असतं. कधी जिवाणूंत, तर कधी २०१४ मध्ये याच जातीत ओळखल्या गेलेल्या निडोव्हायरसमध्ये.

अशा वेळी पेटीची उबदार बाजू थर्मामीटरने तपासावी. तिथे ३१-३२ अंश सेल्सिअस हवं. त्याला इतर सापांपासून वेगळं ठेवावं, बळेच भरवू नये, माणसांची औषधं तर मुळीच देऊ नयेत. कापडी पिशवीत घालून, उबदार डब्यातून त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. अँटिबायोटिकचा डोस वजनावर ठरतो, म्हणून वजनाच्या नोंदींची वही सोबत घ्यावी.