फळ कधी तोडावं? कासा ते घोलवड, एका दिवसाची वाट

ऑक्टोबर उजाडला की न्यू जर्सीतले, कॅलिफोर्नियातले मराठी नातेवाईक फोटो पाठवू लागतात. शेतात लालकेशरी भोपळे पसरलेले, त्यांतला एक उचलायची मुलांची धडपड, मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवताच्या गठ्ठ्यांवर बसलेली माणसं. तिथला शेतकरी हे सगळं आधी हिशेबाने आखतो. भोपळ्याला बी टाकल्यापासून पिकायला शंभर ते एकशेवीस दिवस लागतात, म्हणून तो जूनच्या सुमारास पेरतो आणि सप्टेंबर सरताना शेताचं फाटक उघडतो. आलेलं कुटुंब वेलीवरून स्वतः भोपळा निवडतं, वजन करून पैसे देतं. त्याचा तोडणीचा आणि वाहतुकीचा खर्च वाचतो आणि ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनपर्यंत चार-पाच आठवड्यांत माल उठतो.

फोटो पाहून इथली मुलं विचारतात की आपल्याकडे असं कुठे असतं का. असतं. सोलापूर-नगरकडे थंडीत ज्वारीच्या शेतात बसून हुरडा खाणं हे त्याचंच जुनं रूप आहे. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत पर्यटकांना फळं तोडू देतात. बारामतीजवळच्या पळशीवाडीत २००५ मध्ये कृषी पर्यटनाचा पहिला मोठा प्रयोग झाला आणि २०२० मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरण आणलं. त्यानुसार शेतकऱ्याला आपलं केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येतं. पण कासा, चारोटी, तलासरी या भागात राहणाऱ्याने किंवा मुंबई-अहमदाबाद महामार्गाने इथे येणाऱ्याने एवढं लांब जायची गरज नाही. डहाणू तालुक्याच्या एका टोकाला भाताची खाचरं आणि घरांवर चढलेले भोपळ्याचे वेल आहेत, दुसऱ्या टोकाला समुद्रालगत चिकूच्या वाड्या आहेत. दोन्ही एका दिवसात पाहून होतात.

आधी वेळेचं बोलू. पावसाळा संपता संपता, नवरात्रीच्या सुमारास गेलात तर डोळ्यांना सुख खूप, टोपलीत चिकू कमी. पावसात चिकूची फळं बुरशीने गळतात, उरलेली अजून भरायची असतात. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की तोडणीला जोर येतो आणि तो हिवाळाभर टिकतो. उन्हाळ्यात पुन्हा एक बहर मिळतो. भोपळा, काकडी आणि भातकापणी पाहायची असेल तर दसरा ते दिवाळी, चिकू तोडायचा असेल तर नोव्हेंबरअखेरीपासून पुढे. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर दिवाळीनंतरचा पंधरवडा धरा. मी तोच सुचवेन.

वाडीत न सांगता जाऊ नये. घोलवड-बोर्डी भागात पाहुण्यांना वाडी दाखवणारे, जेवण देणारे, मुक्कामाची सोय करणारे बागायतदार आहेत. त्यांना दोन-चार दिवस आधी फोन करून तोडणी कोणत्या दिवशी आहे एवढं विचारा आणि त्याच दिवशी जा. तोडणीच्या दिवशी वाडीत शिकवणारी माणसं हजर असतात, एरवी नुसती झाडं. दरही आधीच ठरवून घ्या: वाडीत फिरण्याचे किती, जेवणाचे किती, तोडलेल्या फळांचा भाव काय. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलांनी हौसेने तोडलेली कच्ची फळंही वजनात धरायला सांगा. ती पुढे विकली जात नाहीत आणि त्यांचं नुकसान बागायतदाराने का सोसावं?

कासाहून निघालं की चारोटीला महामार्ग ओलांडून रस्ता रानशेत, गंजाडवरून डहाणूकडे जातो. गंजाडजवळच्या कलमीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डहाणूपासून पुढे नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता आहे. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांना २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत मिळते. घोलवडलाही स्थानक आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात.

आता वाडीत शिरू. चिकू मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. तिथे त्याच्या चिकापासून एके काळी च्युइंग गम बनायचा. घोलवडला १८९८ साली त्याची पहिली लागवड झाली असं सांगतात. पुढे इराणी, पारशी आणि स्थानिक बागायतदारांनी वाड्या वाढवल्या. इथली मुख्य जात कालीपत्ती. पानं गडद हिरवी, फळ लांबटगोल, गर मऊ आणि बिया थोड्या. कलम बहुधा रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या रोपावर बांधतात, कारण ती याच कुळातली आणि मुळाने चिवट आहे. दोन झाडांत साधारण दहा मीटरचं अंतर सोडतात. लहान कलमांच्या वाडीत हे अंतर जास्त वाटतं. पन्नास वर्षांच्या वाडीत फांद्या एकमेकींना भिडलेल्या दिसल्या की ते का ठेवलं ते कळतं.

मुलांना एका फांदीजवळ उभं करा आणि नीट पाहायला सांगा. त्याच फांदीवर कळी असते, पांढरट फूल असतं, बोराएवढं फळ असतं आणि पूर्ण वाढलेलं फळही असतं. फुलापासून तोडणीपर्यंत सात ते दहा महिने जातात, म्हणून झाडावर सगळ्या वयाची फळं एकाच वेळी नांदतात. इथेच खरी अडचण सुरू होते. आंबा रंग बदलतो, केळी पिवळी होते. चिकू कच्चा असताना तपकिरी आणि तयार झाल्यावरही तपकिरीच. मग तोडणारा ओळखतो कसा?

खुणा चार आहेत. पहिली म्हणजे सालीवरची भुकटी. कच्च्या फळावर तपकिरी खरखरीत भुसा घट्ट बसलेला असतो. फळ तयार झालं की अंगठा फिरवल्याबरोबर तो सुटतो आणि खालची साल जरा गुळगुळीत, बटाट्याच्या रंगाची दिसते. दुसरी खूण नखाची. सालीवर हलका ओरखडा काढला आणि आत हिरवं दिसलं तर फळ राहू द्यायचं. पिवळसर दिसलं तर ते तयार. तिसरी, फळाच्या टोकाला फुलाचा वाळलेला काटा उरलेला असतो, तो तयार फळावरून बोट लावताच पडतो. चौथी खूण तोडल्यावर कळते: देठातून पांढरा चीक भळभळ आला तर घाई झाली, थेंबभर आला तर बरोबर. वाडीत रोज काम करणाऱ्यांना यातलं काहीच तपासावं लागत नाही. खालून नुसती नजर टाकून ते फळ निवडतात. ओरखड्याची खूण मात्र पाहुण्यांनी मालकाला विचारूनच वापरावी आणि तीही एखाद्याच फळावर. ओरखडलेला चिकू बाजारात मागे पडतो.

हाताला येणारं फळ किंचित पिरगाळून देठासकट घ्यायचं, ओढायचं नाही. उंचावरच्या फळांसाठी लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधलेली असते. फळ जाळीत घेऊन हलका हिसका दिला की ते आत पडतं. जमिनीवर पडलेलं फळ वरून धड दिसलं तरी आतून ठेचतं आणि पिकताना तिथेच काळं पडतं, म्हणून ते वेगळ्या टोपलीत जातं. मोठ्या झाडांवर चढून तोडण्याचं काम बहुतेक वाड्यांत आदिवासी मजूर करतात. पाहुण्यांनी झाडावर चढू नये. ओल धरलेल्या फांद्या निसरड्या असतात.

तोडणीनंतरचं काम बघायला थांबाच, बरीच मंडळी ते चुकवतात. फळं पाण्यात घोळून धुतात, त्यामुळे भुसा आणि चीक जातो. मग सावलीत पसरून सुकवतात आणि आकाराप्रमाणे निवडतात. निवडणाऱ्या बायकांच्या हातातून फळं ज्या वेगाने तीन-चार ढिगांत जातात तो वेग पाहण्यासारखा आहे. मोठी फळं लांबच्या बाजाराला जातात. बारीक आणि डागी फळांच्या चकत्या वाळवतात किंवा भुकटी करतात. ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. इथल्या गोडीचं श्रेय घोलवडच्या चुनखडीयुक्त मातीला देतात. ऑगस्ट २०२१ मध्ये हा चिकू ब्रिटनला रवाना झाला. त्या वेळी पालघर जिल्ह्यात सुमारे ५,००० हेक्टरवर चिकू असल्याचं केंद्र सरकारने म्हटलं होतं.

मुंबईपासून इतक्या जवळ एवढी झाडं उभी राहिली, याला एक कारण कायद्यातही आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि इथल्या उद्योगांवर मर्यादा घातल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. वाडीत सावलीला बसून जेवताना मुलांना हेही सांगावं असं मला मनापासून वाटतं. ही सावली आपोआप टिकलेली नाही, तिच्यासाठी लोक कोर्टात लढले आहेत.

दुपारी परतताना कोसबाडच्या टेकडीवर थांबता येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम पुढे इथे आलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. घरी चिकू लावायचा असेल तर माहिती तिथे विचारावी.

आणि भोपळा? त्यासाठी परत कासाच्या बाजूला या. इथल्या पाड्यांवर पावसाच्या सुरुवातीला घराशेजारी बी टोचतात. वेल मांडवावर, कुडाच्या घराच्या छपरावर चढतो. भाताच्या खाचरात जागा नसते आणि जमिनीवर फळ चिखलात कुजतं, म्हणून ही व्यवस्था. भोपळ्याच्या वेलीवर नरफुलं आणि मादीफुलं वेगळी असतात. मादीफुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीच दिसतो. सकाळी मधमाश्या फिरल्या तर तो वाढतो, नाही तर पिवळा पडून गळतो. भजीसाठी फुलं तोडायची तर नरफुलं तोडतात, त्यातलीही काही राखून.

भोपळा कधी तोडायचा हे चिकूपेक्षा सोपं आहे. देठ वाळून बुचासारखा टणक झाला आणि सालीत नख रुतेनासं झालं की तो तयार. देठाचा चार बोटं तुकडा ठेवून कोयत्याने कापतात. देठ मोडला की तिथूनच कूज शिरते. देठासकटचा पिकला भोपळा कोरड्या जागी काही महिने सहज राहतो. घारगे, भरीत, रायतं, जे हवं ते सावकाश करा.

त्याच मांडवावर दुधी दिसला तर त्याचा नियम उलटा. भाजीला तो कोवळा हवा. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यासाठी मात्र विशिष्ट आकाराचं फळ वेलीवर पूर्ण जून होऊ देतात, वाळवतात आणि आतला गर-बिया काढून पोकळ करतात. त्याला बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा जोडला की तारपा तयार होतो. भाताची कापणी सुरू झाली की संध्याकाळी तो वाजू लागतो.

पाड्यावर मात्र पर्यटनस्थळाला जावं तसं जाऊ नये. ही लोकांची घरं आहेत. ओळखीच्या माणसाबरोबर जा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका आणि वेलीला हात लावू नका. वारली घरांत नवा भाजीपाला, नवा भात देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. छपरावरचा भोपळा अजून तोडायचा नाही असं घरच्या बाईने सांगितलं तर तो विषय तिथेच संपतो. विकत हवा असेल तर कासाच्या बाजारात किंवा महामार्गाकडेला बसणाऱ्या बायकांकडे मिळेल. तिथे घासाघीस न केलेली बरी.

घरी आणलेल्या चिकूंचं काय करायचं ते सांगून थांबतो. हाताला चीक लागला असेल तर आधी खोबरेल चोळा, मग साबण लावा. कच्चे चिकू फ्रिजमध्ये ठेवले तर गारठतात आणि नीट पिकत नाहीत. ते टोपलीत कोरड्या गवतावर, नाही तर कागदावर एका थरात पसरा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून देठाजवळ हलकं दाबून पाहा. दबला तो त्याच दिवशी खा, फार तर एखादा दिवस फ्रिजमध्ये ठेवा. घट्ट लागला तो खाण्याची घाई करू नका, तुरटपणाने घसा धरतो. लहान मुलांना देताना बिया आधी काढा. चिकूच्या बीच्या टोकाला आकड्यासारखी वळलेली अणी असते आणि ती घशात अडकू शकते.