‘मेट्रोपोलिस’विषयी प्रेक्षक काय म्हणत आले

एखाद्या चित्रपटाविषयी जगभरच्या प्रेक्षकांनी ऐंशी वर्षे हिरिरीने मते द्यावीत, आणि त्यांतील बहुतेकांनी तो चित्रपट सबंध पाहिलेलाच नसावा, असा प्रकार क्वचितच घडतो. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाच्या बाबतीत तो घडला आहे. १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनच्या ‘उफा-पालास्ट आम त्सो’ या प्रशस्त चित्रपटगृहात तो प्रथम दाखविला गेला. त्या रात्री आणि पुढच्या थोड्या महिन्यांत बर्लिनमध्ये ज्यांनी तो पाहिला, त्यांचे मत मूळ कृतीवरचे. पुढच्या पिढ्यांनी जे म्हटले, ते कात्री लागलेल्या प्रतीवरचे.

ज्या वाचकांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे भाग आहे. भविष्यातील एक अवाढव्य नगर. वर गगनचुंबी इमारती, बागा, क्रीडांगणे आणि धनिकांची मुले. खाली जमिनीच्या पोटात यंत्रे, आणि त्याहूनही खाली कामगारांची वस्ती. नगराचा स्वामी योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर एके दिवशी मारिया नावाच्या मुलीला कामगारांच्या मुलांसह वर आलेली पाहतो, तिच्या शोधात खाली उतरतो आणि आपले सुख कोणाच्या घामावर उभे आहे ते प्रथमच त्याच्या डोळ्यांना दिसते. मारिया कामगारांना धीर धरण्यास सांगत असते. तिचा प्रभाव मोडावा म्हणून फ्रेडरसन हा रोटवांग या शास्त्रज्ञाकडून तिच्या चेहऱ्याची यंत्रस्त्री घडवून घेतो. ही खोटी मारिया कामगारांना भडकवते, ते यंत्रे फोडतात, आणि त्यामुळे त्यांच्याच वस्तीत पाणी घुसते. वस्तीत मुले राहिली आहेत, ही आठवण त्यांना फार उशिरा होते. मुले वाचतात, अखेरीस मालक आणि कामगारांचा मुकादम यांचे हात फ्रेडर एकमेकांच्या हातांत देतो. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, हे चित्रपटाचे सूत्र.

या सूत्रावरच पहिला घाव बसला. एच. जी. वेल्स हे त्या काळी भविष्यकथांचे सर्वमान्य लेखक. त्यांनी १७ एप्रिल १९२७ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या चित्रपटाला मूर्खपणाच्या पराकाष्ठेचे प्रशस्तिपत्र दिले. त्यांचे आक्षेप मात्र नुसत्या रागाचे नव्हते. यंत्रे आली की माणसाचे कष्टाचे काम कमी व्हावे. इथे तर यंत्रे वाढतात आणि माणूस त्यांना जुंपला जातो, हे कसे? आणि ही यंत्रे जो माल काढतात तो विकत घेतो कोण? कामगार कफल्लक असतील तर कारखानदाराला गिऱ्हाईक कोठून मिळणार? चित्रपटात स्वतःच्या एका जुन्या कादंबरीचे तुकडे दिसतात, अशीही तक्रार त्यांनी नोंदविली. पुढे १९३६ साली त्यांच्याच लेखनावरून ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट निघाला, तेव्हा ‘मेट्रोपोलिस’मध्ये जे केले त्याच्या नेमके उलट करा, असे त्यांनी आपल्या मंडळींना बजावले होते. आज दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर वेल्स यांचे अर्थशास्त्र बरोबर वाटते आणि लांग यांचा चित्रपट लक्षात राहतो.

लुई बुन्युएल हे स्पेनमधील तरुण समीक्षक, पुढे स्वतः थोर दिग्दर्शक झालेले. त्यांचा अभिप्राय याच वर्षीचा. त्यांच्या मते हे दोन चित्रपट पोटाशी चिकटवलेले आहेत : गोष्ट पाहावी तर सामान्य आणि भडक, चित्रे पाहावीत तर थक्क करणारी. चित्रे थोर, कथा पोरकट, हे मत तेव्हापासून जे रूढ झाले ते आजही सहज ऐकू येते. चित्रांविषयी वाद नाहीच. मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ असे सुमारे सतरा महिने चित्रण चालले. खर्च पन्नास लाख मार्कांच्या वर गेला आणि ‘उफा’ कंपनी कर्जाच्या गाळात रुतली. ऑयगेन शुफ्टान यांनी आरशाची युक्ती योजून लहानशा प्रतिकृतींमध्ये जिवंत माणसे बसविली. आज गणकयंत्रावर जे होते ते त्यांनी काच खरवडून साधले. ब्रिगिट्टे हेल्म या नवख्या मुलीने दोन्ही मारिया अशा वठविल्या, की चेहरा एकच असूनही खोटी कोणती हे तिच्या नुसत्या पापणीवरून कळते. आणि पाण्यात धावणारी ती मुले बर्लिनच्या गरीब वस्त्यांतून आणलेली होती. थंड पाण्यात त्यांना दिवसच्या दिवस उभे राहावे लागले. दीनांच्या दुःखाचे चित्र काढण्यासाठी दीनांनाच पुन्हा भिजवले, ही गोष्ट आम्हांला तरी चित्रपट पाहताना विसरता येत नाही.

आता कात्रीची हकीकत. ‘उफा’ला कर्ज देणाऱ्या अमेरिकन कंपन्यांपैकी ‘पॅरामाउंट’ने अमेरिकेत दाखविण्यासाठी चॅनिंग पोलॉक या नाटककाराकडून चित्रपट नव्याने जुळवून घेतला. त्याने काय काढले पाहा. मूळ कथेत हेल नावाची एक स्त्री आहे. रोटवांगचे तिच्यावर प्रेम होते, तिने लग्न केले फ्रेडरसनशी, आणि फ्रेडरला जन्म देताना ती गेली. रोटवांग यंत्रस्त्री घडवतो तो हेलला परत आणण्यासाठी, आणि फ्रेडरसनविषयीचा जुना डंख मनात ठेवून. पोलॉकने हेलचे नावच पुसून टाकले. इंग्रजीत त्या नावाचा उच्चार नरकासारखा होतो, हे कारण! हेल गेली आणि तिच्याबरोबर कथेचा कणाच गेला. रोटवांग एका दुखावलेल्या प्रियकराचा केवळ वेडा जादूगार झाला. बडतर्फ केलेला कारकून योसाफाट, वरच्या जगाच्या मोहात वाट चुकलेला एक कामगार, फ्रेडरसनचा कृश गुप्तहेर, यांच्या उपकथाही कापल्या गेल्या. जर्मनीतही १९२७ च्या उत्तरार्धात आखूड प्रतच दाखवू लागले. सुमारे चौथा हिस्सा गेला. पात्रे असे का वागतात हे कळत नाही, ही प्रेक्षकांची नेहमीची तक्रार. ती रास्त होती, पण तिचा धनी दुसराच होता.

वर्षानुवर्षे लोक हीच प्रत पाहत राहिले. १९८४ साली जॉर्जो मोरोडर या संगीतकाराने तिला रंगांच्या छटा देऊन, आणखी आखूड करून, आधुनिक गाण्यांसह बाजारात आणले. त्यांतील एक गाणे फ्रेडी मर्क्युरीचे. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला हा गायक. जाणकारांनी नाके मुरडली, पण एका नव्या पिढीने ‘मेट्रोपोलिस’ पाहिला तो याच वेषात. दरम्यान म्यूनिकच्या चित्रपट संग्रहालयात एन्नो पाटालास हे अभ्यासक तुकडा तुकडा जुळवत होते. २००१ साली या चित्रपटाची नोंद युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंचितात झाली, तेव्हाही गेलेला भाग कायमचा गेला असेच सर्वांनी धरले होते.

तो सापडला एका प्रेक्षकाच्या गाऱ्हाण्यातून. अर्जेंटिनामधील एका चित्रपट मंडळाचे चालक सांगत असत, की पूर्वी एकदा ‘मेट्रोपोलिस’ दाखवताना फीत नीट चालेना, म्हणून प्रक्षेपकाला बोट लावून आपण दोन तासांहून अधिक वेळ उभे होतो. ऐकणारे हसून सोडून देत. फर्नांडो पेन्या या चित्रपट इतिहासकाराने मात्र हिशोब केला : उपलब्ध प्रत तर इतकी लांब नाही! पुष्कळ वर्षांनी, २००८ साली, ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात पाउला फेलिक्स-दिदिएर या संचालिकेसमवेत त्यांनी डबे उघडले, आणि तिथे जवळजवळ संपूर्ण चित्रपट निघाला. १९२८ साली एका वितरकाने नेलेल्या मूळ प्रतीवरून पुढे काढलेली ती सोळा मिलिमीटरची नक्कल; ओरखड्यांनी भरलेली. त्यातून सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग परत आला. १२ फेब्रुवारी २०१० रोजी बर्लिनमध्ये पुन्हा सारे दाखविले गेले, तेव्हा थंडीत ब्रांडेनबुर्ग वेशीशीही पडदा उभारला होता.

आम्ही हीच लांब प्रत अलीकडे घरच्या मंडळींबरोबर पाहिली. बसणाऱ्यांत कापडाच्या गिरणीत उमेदीची वर्षे घालवलेले एक काका होते. आरंभीच पाळी बदलते; आत जाणारे एका ठेक्यात, बाहेर पडणारे त्याच्या निम्म्या वेगाने. काका चटकन म्हणाले, “हे कोणीतरी गिरणीच्या फाटकाशी उभे राहून पाहिलेले आहे हो. बाकी सगळे खोटे असले तरी ही चाल खरी.” पुढे फ्रेडर एका थकलेल्या कामगाराच्या जागी उभा राहून घड्याळासारख्या यंत्राचे काटे दहा तास ढकलतो, तेव्हा ते एक शब्द बोलले नाहीत. आमच्या पुतणीला फ्रेडरचे छातीवर हात मारणे पाहून हसू आवरेना, आणि हसू येण्यासारखे ते आहेही. परंतु मारियाचा चेहरा उचलून यंत्राला चढवतात, त्या ठिकाणी ती थांबली. कोणाचाही चेहरा आणि आवाज उचलून त्याच्या तोंडी हवे ते घालता येते, हे तिच्या पिढीच्या रोजच्या बातम्यांतले. तिला भय त्या यंत्राचे वाटले नाही. खऱ्या मारियावर जमाव उलटतो आणि ‘ती मी नव्हे’ हे तिला सिद्धच करता येत नाही, याचे वाटले.

आत्याबाई शेवटपर्यंत गप्प होत्या. हातात हात मिळाले, पडदा काळा झाला, आणि त्या म्हणाल्या, “मिटले म्हणता, पण पाळी किती तासांची ठरली?”

वेल्सपासून आजवरच्या विद्वानांनी जे पानेच्या पाने लिहिले त्याचा मथितार्थ या प्रश्नात आहे. लांब प्रतीने रोटवांगला न्याय दिला, योसाफाटला दिला. शेवटाला मात्र ती वाचवू शकली नाही. तोच शेवट पाहून सीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ साली लिहिलेल्या ग्रंथात असा आरोप केला, की अशा भावनिक तडजोडीत सत्ता मालकाच्याच हाती राहते आणि नाझी प्रचाराचीही हीच भाषा होती. खुद्द लांग यांनीही उत्तरायुष्यात हृदयाची मध्यस्थी म्हणजे एक परीकथा आहे असे म्हणून चित्रपटापासून अंग काढले. दोष पुष्कळांनी त्यांच्या तत्कालीन पत्नीकडे, पटकथाकार थेआ फॉन हार्बू यांच्याकडे ढकलला. आम्हांला हे फार सोयीचे वाटते. पडद्यावर तो शेवट लांग यांनीच चितारला.

या बाईंविषयी आपल्या बेळगावकडील वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. लांग १९३३ साली जर्मनी सोडून गेले, त्याच वर्षी दोघांचा घटस्फोट झाला. थेआबाई मागे राहिल्या, पुढे नाझी पक्षाच्या सभासदही झाल्या. आणि याच बाईंनी बेळगाव भागातून बर्लिनला शिकायला गेलेल्या आयी गणपत तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी गुप्तपणे लग्न केले, कारण त्या राजवटीत असा विवाह उघडपणे होणे शक्य नव्हते. युद्धाच्या सावटाखाली तेंडुलकर भारतात परतले, आणि १९४५ साली गांधीजींच्या कार्यात असलेल्या इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी ही सारी हकीकत इंग्रजी पुस्तकात लिहिली आहे. एकाच व्यक्तीच्या मनात मध्यस्थीची आस, त्या पक्षाचे सभासदत्व आणि हे लग्न कसे नांदले असेल, याचा उलगडा चित्रपटातून होत नाही. थेआबाई १९५४ साली वारल्या.

ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी प्रत निवडताना कालावधी पाहून घ्यावा. अडीच तासांच्या आसपास असेल तर ती २०१० ची. दीड तासाची असेल तर ती दुसरी कोणतीतरी. गॉटफ्रीड हुपर्ट्झ यांनी मूळ चित्रपटासाठी रचलेले वाद्यसंगीत त्या लांब प्रतीबरोबर आहे, ते बंद करू नये. मध्येच चित्र एकाएकी मळकट आणि ओरखड्यांचे होईल, तो भाग ब्वेनोस आयरेसचा. दोन प्रसंग मात्र तिथेही मिळाले नाहीत : देवळातील साधूचे प्रवचन, आणि रोटवांग व फ्रेडरसन यांची झटापट. त्या जागी पडद्यावर मजकूर येतो, तो वाचून पुढे जायचे.