कलम ३७ चं परंतुक

मला जुने कायदे परंतुकांसाठी, म्हणजे कलमाला जोडलेल्या ‘परंतु’साठी, वाचायची खोड आहे. सरकारचा हात नेमका कुठे आखडला, ते तिथेच कळतं.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या घरकुलांबद्दल, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीबद्दल, कामगार नेते आडम मास्तरांच्या लढ्यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय. या बायकांच्या बाळंतपणांबद्दल कायदा काय म्हणत होता, हे मात्र फारसं कुणी उकरलेलं नाही.

मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा केला. आदल्याच वर्षी कौन्सिलात त्याची बाजू मांडताना डॉ. आंबेडकरांनी खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असं म्हटलं होतं. पण हा कायदा कारखान्यापुरता. घरच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन पानं कातरणारी बाई त्यात कुठेच नव्हती.

ती कामगार तरी आहे का, इथूनच वाद. १९६१ मध्ये नागपूरच्या विडी कारखान्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खराब विड्या नाकारण्याचा मालकाचा अधिकार हेच त्याचं नियंत्रण. म्हणजे ज्या छाटीने मजुरी कापली जायची, तीच कामगार असल्याचा पुरावा ठरली! १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने मग घरी वळणारीलाही कामगार मानलं आणि कलम ३७(३) ने १९६१ चा प्रसूती लाभ कायदा तिला लागू केला. मालकांनी आव्हान दिलं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

आता परंतुक. घरी काम करणारीसाठी प्रसूती कायद्याचं कलम ८ वगळलं. मालकाने बाळंतपणाआधी-नंतरची वैद्यकीय सोय फुकट केली नाही, तर द्यायचे २५ रुपये गेले. कलम १० वगळलं. गर्भारपण, बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचं मूल किंवा गर्भपात यांतून आजारपण आलं, तर मिळणारी आणखी महिनाभराची पगारी रजा गेली. जणू घरी वळणारी बाई बाळंत होते, आजारी पडत नाही.

तिसरी काटछाट मला सर्वांत खुनशी वाटते. लाभाची रक्कम रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावरून ठरायची. तो रोज रुपयापेक्षा कमी भरला तर निदान रुपया धरायचा. घरी वळणारीसाठी हा रुपया काढून टाकला. सातव्या-आठव्या महिन्यात पाठ धरते, पाय सुजतात, हजार विड्या होता होत नाहीत. मजुरी नगावर. सरासरी घसरणार ती नेमकी तेव्हाच, आणि तेव्हाच खालचा आधार काढलेला.

कलम ४ मात्र शाबूत होतं: बाळंतपणानंतर सहा आठवडे मालकाने तिला कामाला लावायचं नाही. पण हे तपासायचं तर निरीक्षकाने तिच्या खोलीत जायला हवं. तिथे घरातल्या दोघी-तिघी मिळून वळत असतात, आणि कामाच्या कार्डावर नाव एकीचंच.