ज्ञात जग : कोणाला ज्ञात?

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. ग्रीकांचे 'ज्ञात जग' हे प्रकरण विद्यार्थी असताना मी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. शिकवू लागल्यावर मात्र 'ज्ञात' या शब्दापाशी अडखळलो. कोणाला ज्ञात? कोणाच्या सांगण्यावरून? हा प्रश्न घेऊन मी पुन्हा स्ट्रॅबोकडे गेलो.

स्ट्रॅबो इ.स.पू. ६४ च्या सुमारास पोंटसमधील अमासिया येथे जन्मला. हे गाव आज तुर्कस्तानात आहे. आजोळचे पूर्वज राजदरबारातले, शिक्षण उत्तम. त्याच्या 'जिऑग्राफिका' या ग्रंथाचे १७ भाग असून ते बहुतांशी शिल्लक आहेत. पृथ्वी गोल आहे हे त्याला मान्य होते. तिच्यावरील वस्तीचे जग मात्र त्याने अंगावर घ्यायच्या झग्याच्या आकाराचे मानले : लांबी सुमारे ७०,००० स्टेडिया, रुंदी ३०,००० हून कमी. याच पट्ट्यात आपल्याला ठाऊक नसलेले दुसरे वस्तीचे जगही असू शकेल, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही त्याची मोठी बाजू आहे.

पण हा भूगोल कोणासाठी? त्याचे उत्तर सरळ आहे : मुख्यतः राज्यकर्ते आणि सेनापती यांच्यासाठी. मुलूख ठाऊक असेल तर कारभार नीट चालतो. रोमन सत्ता पसरत होती आणि हा ग्रंथ त्या सत्तेच्या हाताशी उभा होता.

स्ट्रॅबोने प्रवास पुष्कळ केला. इजिप्तचा रोमन सुभेदार एलियस गॅलस याच्याबरोबर तो नाईलच्या काठाने आजच्या अस्वानपर्यंत गेला. तरी सारे जग एकट्याने पाहणे शक्य नाही. म्हणून ज्ञानाच्या कामी डोळ्यापेक्षा कान मोठा, असे त्याने प्रतिपादन केले. विचार चुकीचा नाही. प्रश्न एवढाच, की तो कान कोणासाठी उघडा होता?

भारतावरचा पंधरावा भाग वाचताना याचे उत्तर मिळते. इजिप्तमधील मायोस हॉर्मोस बंदरातून १२० जहाजे भारताकडे जातात, हे त्याला तिथेच कळले होते. पण गंगेपर्यंत गेलेले व्यापारी मोजके, आणि तेही सामान्य माणसे. त्या देशाची माहिती द्यायला निरुपयोगी, असे म्हणून त्याने त्यांना बाजूला सारले. मग आधार कोणाचा? मेगॅस्थेनिस आदी ग्रंथकारांचा, म्हणजे सुमारे ३०० वर्षांपूर्वीचा. या मंडळींना तो स्वतःच थापाडे म्हणतो. कानात झोपणाऱ्या माणसांच्या त्यांच्या गोष्टींची टर उडवतो. तरी भारतीय समाजाचे सात वर्ग, वर्गाबाहेर लग्न नाही, धंदा बदलता येत नाही, ही माहिती त्याने त्यांच्याकडूनच घेतली. खोटे बोलणारा ग्रंथकार चालला, जाऊन आलेला साधा माणूस चालला नाही.

आणि जे याहून खाली होते? पाफ्लागोनियातील मनशीळेच्या खाणीचे त्याने वर्णन केले आहे. मनशीळ म्हणजे आर्सेनिकचे तांबडे, विषारी खनिज. गुन्ह्यापायी विकले गेलेले गुलाम तिथे राबत. आतली हवा जीवघेणी. माणसे लवकर मरत. दोनशेहून अधिक मजूर लागतात आणि रोगाने, मृत्यूने ते सतत घटतात, त्यामुळे धंदा परवडत नाही व खाण पुष्कळदा बंद राहते, असे तो नोंदवतो. मरणाची नोंद आहे, पण ती तोट्याच्या हिशेबात. तरीही ही नोंद झाली म्हणूनच ते दोनशे जण आज आपल्याला दिसतात. जुने ग्रंथ फेकून द्यायचे नाहीत, ते याचसाठी.

स्ट्रॅबोला दोष देताना मला माझेच आठवते. १९७२ च्या दुष्काळावर मी प्रबंधिका लिहिली. अहवाल चाळले, आकडे उतरवले. त्याच दुष्काळी कामावर खडी फोडलेले माझे आजोबा घरात, बाजेवर बसलेले असत. त्यांना मी एकदाही विचारले नाही. त्यांचे बोलणे 'आधार' म्हणून चालेल, असे मला वाटलेच नव्हते. आता ते नाहीत.

माझ्या वर्गातल्या मुलांना मी आता स्ट्रॅबो शिकवतो, आणि त्याबरोबर एक काम देतो : घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाने पाहिलेले जग, त्याच्याच शब्दांत लिहून आणा.